‘जन्म न विचारणारे जग’ आणि आपण

२००२ साली चंद्रपूरच्या एका रद्दीच्या दुकानातून मी इंग्रजी कॉम्प्युटर मासिकांचे पाच-सहा जुने अंक किलोच्या भावाने आणले. सोबतच्या सीडी अर्थातच कोणीतरी आधीच काढून घेतल्या होत्या. अहेरीत तेव्हा माझ्या ओळखीतल्या एकाच्याही घरी इंटरनेट नव्हते. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते अंक वाचले. चॅटरूममध्ये कसे बोलावे, ई-मेलचे शिष्टाचार काय, होमपेज कसे सजवावे. कधी न पाहिलेल्या गावाचे प्रवासवर्णन वाचावे तसे. त्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली: नेटवर तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते अशा देशातल्या पोराला हे किती गोड वाटले असेल, सांगायला नको.

पण मित्रहो, हे कोणी लिहिले आणि कोणासाठी लिहिले, हा प्रश्न आपण तेव्हा विचारला नाही.

या विचाराचे माहेर कॅलिफोर्निया. तिथे १९८९ मध्ये बर्कलीहून ‘मोंडो २०००’ नावाचे मासिक निघाले. १९९३ मध्ये लुई रोसेटो आणि जेन मेटकाफ यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘वायर्ड’ सुरू केले. भडक रंग, चमकदार कागद आणि भविष्याबद्दल प्रचंड खात्री. ‘वायर्ड’मध्ये लिहिणाऱ्या जॉन पेरी बार्लो यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी दावोसमध्ये ‘सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ लिहिला. वंश, पैसा, लष्करी बळ किंवा जन्माने मिळालेला दर्जा, यांपैकी कशालाही महत्त्व नसलेले जग आम्ही उभारतो आहोत, असा त्यातला दावा होता. जन्माने मिळालेला दर्जा! ज्या देशात बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ १९३६ मध्ये लिहिले, त्या देशातल्या वाचकाने इथे थबकायला हवे होते. जात मोडल्याशिवाय जात गेल्याची घोषणा करता येते का?

थबकणारे तिकडेही होते. रिचर्ड बारब्रुक आणि अँडी कॅमेरॉन यांचा ‘कॅलिफोर्नियन आयडिऑलॉजी’ हा निबंध १९९५ मध्ये लंडनच्या ‘म्यूट’ मासिकात आला. ज्या जेफरसनचे नाव घेऊन हे लोक स्वातंत्र्याच्या गोष्टी करतात तो गुलामांचा मालक होता, ही आठवण त्यांनी करून दिली. मासिक नेटसंस्कृतीचेच, पण आरती ओवाळणारे नव्हे.

आपल्याकडे काय घडले? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला जनतेसाठी इंटरनेट खुले केले, सुरुवात महानगरांतून. वर्षाचे शुल्क हजारांत. त्याआधी टेलिफोन हवा, कॉम्प्युटर हवा, इंग्रजी हवे. ही चार दारे ओलांडून आत कोण जाणार होते? ज्यांच्या दोन पिढ्या आधीच नोकरीत स्थिरावल्या होत्या ते. आत गेल्यावर त्यांना आजूबाजूला आपल्यासारखेच लोक दिसले आणि ते म्हणाले, इथे जात नाही. गावकुसाच्या आत बसून गावात अस्पृश्यता नाही म्हणण्यासारखेच झाले हे.

यावर उत्तर आपल्याच इतिहासात होते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. म्हणून ‘मूकनायक’, म्हणून १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, मग ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. दुसऱ्याच्या छापखान्यात आपल्याला मिळणारी जागा ही त्याच्या मर्जीची असते, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळले होते. आपण मात्र नव्या छापखान्याचा मालक कोण, हे न विचारताच त्याच्या मासिकांनी हुरळून गेलो. मीही त्यातलाच.

त्या मासिकांचा मला राग नाही. माझे निम्मे इंग्रजी त्यांचेच देणे आहे. राग आहे तो त्यांनी गाळलेल्या गोष्टींचा. जुलै १९९७ च्या ‘वायर्ड’ने पंचवीस वर्षांच्या अखंड भरभराटीचे भाकीत मुखपृष्ठावर छापले. त्या पंचवीस वर्षांची मुदत संपायच्या आत, जून २०२० मध्ये, कॅलिफोर्नियाच्याच सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याशी जातीय भेदभाव केल्याचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. पण जन्म न विचारणाऱ्या जगाच्या राजधानीत जात शब्दशः कोर्टाच्या कागदावर आली, एवढे तरी नाकारता येणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, ती उगाच नव्हे.

आणि अहेरी? इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया कानावर पडते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली गोंडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१७ ला, आणि गुंजाळा गोंडी २०१८ ला. त्या रद्दीतल्या अंकांमध्ये भाषा निवडायची कशी यावर एक आख्खे पान होते. आमच्या बाजारातली एकही भाषा त्यात नव्हती.