फरशीखालची गळती

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. विल्यम लेव्हिटच्या कंपनीने न्यूयॉर्कजवळ १९४७ ते १९५१ मध्ये १७,००० हून जास्त घरं बांधली. तेच लेव्हिटाउन. तळघर नाही, नुसता काँक्रीटचा थर आणि त्यात गाडलेले तांब्याचे पाईप. त्यातून गरम पाणी फिरायचं, की जमीन उबदार!

पुढे पाईप गळू लागले. गंमत म्हणजे, बॉयलरला आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह असला की गळती लवकर कळतच नाही. ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो, बॉयलर आतून गंजतो. मग ऐन थंडीत घर गार! फरशी कोण फोडणार? अनेकांनी ते पाईप तसेच सोडून भिंतीलगत नवे हीटर बसवले.

एरर गुपचूप गिळणारा कोड आपणही लिहितोच की. सिस्टीम चालू आहे म्हणजे धड आहे, असं नव्हे.