चुनखडीमागून आलेले भांडवल
रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. या शहरात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलामागून, पुढे रेल्वेमागून. विदेशी भांडवल आले ते भूगर्भातील चुनखडीमागून. फ्रान्सच्या लाफार्ज कंपनीने १९९९ मध्ये टाटा स्टीलचा सिमेंट व्यवसाय विकत घेऊन भारतात पाय रोवला. त्यातील सोनाडीहचा कारखाना तत्कालीन रायपूर जिल्ह्यात होता. छत्तीसगढ राज्य निर्माण झाले १ नोव्हेंबर २००० रोजी. तेव्हा नव्या राज्याच्या सवलतींना या आगमनाचे श्रेय देता येत नाही.

भट्टीत चुनखडीचे वजन बरेच घटते, म्हणून भट्टी खाणीलगतच परवडते. तेथील क्लिंकर मात्र रेल्वेने जमशेदपूरजवळच्या जोजोबेड्यास जाई, कारण पोलादभट्टीची मळी तेथे होती. अभ्यासक करसवलतींचीच चर्चा करतात, ती मला अपुरी वाटते.

कंपनीची पाठवणीही खाणीनेच ठरवली. हे दोन कारखाने बिर्ला कॉर्पोरेशनला विकण्याचा २०१५ चा करार, लिलावाविना मिळालेले खाणपट्टे हस्तांतरित करण्यास नव्या कायद्याची आडकाठी आल्याने फिसकटला. अखेर २०१६ मध्ये लाफार्जने संपूर्ण भारतीय कंपनीच निरमा समूहाला विकली. कंपनी तीच राहिल्याने खाणपट्टे तिच्याच नावे राहिले.