दुसऱ्या घरचा 8085

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या डिप्लोमा, इंजिनिअरिंगच्या कितीतरी मुलांची मायक्रोप्रोसेसरशी पहिली गाठ पडली ती 8085 च्या किटवर. उघडा बोर्ड, हेक्स कीपॅड, लाल आकड्यांचा डिस्प्ले, मध्ये चाळीस पायांची काळी आयसी आणि शेजारी रमेश गावकरांचं पुस्तक. पुस्तकात 8085 इंटेलचा. आयसीवरच्या पुसट अक्षरांत मात्र कधी कधी जपानच्या एनईसीचं नाव. मग ही आयसी डुप्लिकेट का? मुळीच नाही. ही रीतसर परवान्याची सोय, नाव ‘सेकंड सोर्स’.

रीत मायक्रोप्रोसेसरहून जुनी. एकाच कारखान्यावर भिस्त ठेवायला अमेरिकी लष्कर तयार नसे. सुट्या भागाला दुसरा पुरवठादार हवाच. पुढे कंपन्यांनीही तेच धरलं. इंटेल 1968 ची, तिचा 8080 आला 1974 मध्ये. तेव्हा सिलिकॉनच्या चकतीवरच्या बऱ्याच चिप तपासणीतच बाद व्हायच्या. कारखाना अडला की गिऱ्हाइकाचं यंत्रही अडणार. म्हणून मूळ कंपनी दुसऱ्या कारखान्याला परवाना द्यायची, पुष्कळदा चिपचे मास्क, म्हणजे सिलिकॉनवर नक्षी उमटवण्याचे साचेही. पाय तेच, व्होल्टेज तेच, सूचनासंच तोच. सॉकेटमधून एक काढा, दुसरी बसवा. प्रोग्राम तसाच चालतो.

सुरुवात दरवेळी परवानगीनं झाली असंही नाही. एएमडीनं 8080 चे फोटो काढून, त्यावरून नक्षी उलगडून 1975 मध्ये आपला 9080 आणला. इंटेलशी करार झाला 1976 मध्ये. झायलॉगचा झेड-80 मोस्टेकनं बनवला, मॉस टेक्नॉलॉजीचा 6502 रॉकवेल आणि सिनर्टेकनं. 1981 च्या पीसीत इंटेलचा 8088 बसवणाऱ्या आयबीएमलाही दुसरा पुरवठादार हवा होता. त्यातूनच 1982 चा इंटेल-एएमडी करार झाला. 1985 मध्ये 386 आला, तेव्हा तो एकट्यानंच बनवायचं इंटेलनं ठरवलं. एएमडीशी वाद झाला, तो लवाद-कोर्टात गेला आणि 1995 मध्ये तडजोडीनं मिटला.

एकाच वाटेवर भिस्त म्हणजे काय, हे आमच्या भागाला समजावून सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा. म्हणून पावसाळ्याआधीच धान्य भरून ठेवायचं. चिपच्या बाबतीत हा धडा देशाला महागात पडला. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 1984 मध्ये उत्पादन सुरू झालं, 1989 मध्ये आग लागली. कारखाना पुन्हा उभा राहायला वर्षं गेली आणि त्याची जागा घेणारं दुसरं घर आपल्याकडे नव्हतं.

शिक्षकांना एक विनंती आहे. पहिल्या प्रॅक्टिकलला बेरजेचा प्रोग्राम भरण्याआधी मुलांना आयसीवरचं नाव मोठ्यानं वाचायला लावा. ते इंटेलचं नसेल, तर का नाही, तेही सांगा. ती वस्तू दुसऱ्यालाही बनवता येत होती, म्हणूनच जगानं तिच्यावर भरवसा ठेवला.