घरगुती ॲम्प्लिफायरची पेटी आणि हीटसिंक : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

ध्वनिवर्धनाचा इतिहास बहुतांशी परिपथांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी कोणता आराखडा केव्हा मांडला व ध्वनीतील विकृती किती कमी झाली, याची नोंद त्यात सापडते. मात्र तो परिपथ ज्या पेटीत बसविला गेला, ती दुर्लक्षित राहते. घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या हौशी मंडळींच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. व्हॉल्व्हकडून ट्रान्झिस्टरकडे झालेल्या संक्रमणात पेटी ही केवळ आधार न राहता परिपथाचाच कार्यकारी घटक बनली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील दोन आराखड्यांच्या आधारे केले आहे.

व्हॉल्व्हचा काळ :

'वायरलेस वर्ल्ड' या मासिकाच्या एप्रिल व मे १९४७ च्या अंकांत डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॅट शक्तीचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील सर्वांत अवघड व खर्चिक भाग म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह तापलेल्या अवस्थेतच कार्य करतो आणि आपली उष्णता काचेतून थेट भोवतालच्या हवेत सोडतो. त्यामुळे चेसिसने जड ट्रान्सफॉर्मर पेलावेत आणि हवा खेळती राहू द्यावी, एवढीच प्रमुख अपेक्षा होती.

ट्रान्झिस्टर आणि उष्णतेचा मार्ग :

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढे तो शक्तिवर्धनासाठी वापरला जाऊ लागला, तेव्हा उष्णतेचा प्रश्नच पालटला. येथे उष्णता एका लहानशा स्फटिकात निर्माण होते व ती धातूमार्गेच बाहेर काढावी लागते. तसे न झाल्यास तापमानाबरोबर विद्युतप्रवाह वाढतो, प्रवाहाबरोबर तापमान वाढते आणि अखेर ट्रान्झिस्टर नष्ट होतो.

या दृष्टीने जॉन लिन्सले हूड यांचा एप्रिल १९६९ मध्ये त्याच मासिकात प्रसिद्ध झालेला १० वॅटचा 'क्लास ए' आराखडा महत्त्वाचा ठरतो. त्याची तुलना त्यांनी विल्यमसन यांच्या आराखड्याशीच केली होती. केवळ चार ट्रान्झिस्टर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गरज नाही, अशी ही सुटसुटीत रचना होती. परंतु क्लास ए पद्धतीत संगीत थांबले तरी प्रवाह थांबत नाही. ८ ओहमच्या स्पीकरसाठी २७ व्होल्ट व सुमारे १.२ अँपिअर, म्हणजे प्रत्येक चॅनेलमागे ३२ वॅटहून अधिक शक्ती सतत खर्च होते. तिचा बहुतांश भाग दोन आउटपुट ट्रान्झिस्टरांत, प्रत्येकी सुमारे १६ वॅट, उष्णतेच्या रूपाने प्रकट होतो.

एक उदाहरण पाहू. दर वॅटमागे १.५ अंश तापणारा हीटसिंक प्रत्येक ट्रान्झिस्टरला दिल्यास तो भोवतालच्या हवेपेक्षा २४ अंशांनी तापेल. हवा २५ अंश सेल्सिअस असता तो ४९ अंशांवर राहील. विदर्भातील मे महिन्याच्या ४५ अंशांत मात्र ६९ अंशांवर जाईल. तेथे हात टेकवता येत नाही आणि शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्यही घटते. बंद पेटीत स्थिती याहून बिकट होते. म्हणूनच हीटसिंकच्या पात्या उभ्या ठेवणे, तळाशी व माथ्यावर झरोके देणे आणि शक्यतो हीटसिंक पेटीबाहेर काढणे, हे नियम रूढ झाले.

धातूच्या गोल टोपीच्या अशा ट्रान्झिस्टरांत कलेक्टर हा टोपीलाच जोडलेला असतो. त्यामुळे ट्रान्झिस्टर व हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती आणि उष्णतावाहक लेप द्यावा लागतो. भोकाच्या कडेला ड्रिलचा लहानसा कंगोरा राहिला, तरी तो अभ्रक छेदून शॉर्टसर्किट घडवू शकतो. म्हणजेच कागदावर निर्दोष असलेला परिपथ कानशीच्या कामातील चुकीने निकामी होतो.

निष्कर्ष :

लिन्सले हूड यांच्या आराखड्याने परिपथ सोपा केला, पण श्रम नाहीसे केले नाहीत. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतील कौशल्य ॲल्युमिनियमच्या पात्यांकडे सरकले. १९९४ मध्ये नेल्सन पास यांनी मांडलेल्या एकाच वर्धक टप्प्याच्या 'झेन' ॲम्प्लिफायरमध्येही परिपथ लहान व हीटसिंक मोठा, हेच प्रमाण दिसते. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना केवळ छापील आराखडे प्रमाण मानल्यास हाताने केलेले हे काम नोंदीबाहेर राहते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिपथाला गुण देताना त्याच्या पेटीचाही विचार करणे, ही या दुर्लक्षाची उचित भरपाई ठरेल.