पर्जन्यमापक, बॅटरी आणि कुंभारमाशी

पाऊस मोजायला वीज कशाला लागते? खरं तर लागत नाही. निदान दोन हजार वर्षं तरी लागत नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या आवारात ठराविक तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलंय, आणि कुठल्या प्रदेशात किती पडतो ते 'द्रोण' या मापात दिलंय. त्यात गोदावरीकाठचा अश्मक आहे आणि माळव्यातली अवंतीही. आकडे कशासाठी? तर कुठे काय पेरायचं आणि सारा किती येईल, यासाठी. म्हणजे पर्जन्यमापक हे पहिल्या दिवसापासून सरकारी खात्याचं यंत्र आहे बघा.

इंग्रजांनाही हीच गरज पडली. १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यामुळे १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं निघालं. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. पुढे खात्याचं मुख्यालय सिमल्याला गेलं, १९२८ मध्ये आमच्या पुण्यात आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला. आमचा यवतमाळ जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' होता, १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळालं.

या सगळ्या काळात पाऊस मोजायचा तो सायमन्सच्या पर्जन्यमापकाने. एक नरसाळं, खाली बाटली आणि सोबत मोजपात्र, बस्स. सकाळी साडेआठला माणूस येणार, पाणी ओतून मोजणार, वहीत आकडा लिहिणार. स्वतः नोंद करणारा पर्जन्यमापक आला, पण त्याचं कागदाचं पिंपही चावीच्या घड्याळावर फिरायचं. चावी द्यायला माणूस होताच! आणि माणूस आला नाही तर वहीतला रकाना रिकामा राहायचा. हा रिकामा रकाना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बॅटरीचा प्रश्न सुरू झाला तो माणूस काढून टाकल्यावर. याचं माझं आवडतं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. २२ ऑक्टोबर १९४३ ला 'यू-५३७' ही जर्मन पाणबुडी कॅनडातल्या लाब्राडोरच्या निर्जन किनाऱ्यावर पोचली आणि तिथे चक्क स्वयंचलित हवामान केंद्र बसवून आली. दहा मोठी नळकांडी, त्यातली बहुतेक बॅटऱ्यांची. दर तीन तासांनी हवामानाचा रेडिओ संदेश पाठवायचा आणि काही महिने चालायचं असा हिशोब होता. प्रत्यक्षात काही आठवड्यांतच संदेश येईनासे झाले. कोणाला संशय येऊ नये म्हणून त्यावर कॅनडाच्या हवामान सेवेचं खोटं नाव लिहिलं होतं. हे केंद्र तिथे आहे हे १९८१ मध्ये उघड झालं. आता ते ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहे. १९६१ मध्ये तर आर्क्टिकमधल्या ॲक्सेल हायबर्ग बेटावर अमेरिकेने किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियमवर चालणारं हवामान केंद्र बसवलं. बॅटरी बदलायला कोण जाणार तिथे?

आता आमच्या गच्चीवर येऊ. यवतमाळला घरी एक छोटं हवामान केंद्र आहे. त्याच्या पर्जन्यमापकात दोन पेन्सिल सेल बसतात. पहिली जोडी दीड वर्ष चालली. दुसरी जोडी फेब्रुवारीत घातली आणि मेअखेर संपली. बाबा म्हणाले, "आपल्याकडचा उन्हाळाच असा, सेल काय टिकणार." उन्हाने सेल लवकर उतरतात हे खरंच आहे, पण पहिल्या जोडीनेही उन्हाळा काढलाच होता ना. म्हणून गणित मांडलं.

सेन्सर दर ४८ सेकंदांनी ०.१ सेकंद संदेश पाठवतो आणि तेव्हा साधारण ३० मिलीअँपिअर ओढतो. सरासरी काढली तर ०.०६ मिलीअँपिअर. झोपेतला खर्च धरून ०.०८ म्हणू. २००० मिलीअँपिअर-तासांचे सेल कागदावर अडीच-पावणेतीन वर्षं चालायला हवेत. उलट ते साडेतीन महिन्यांत संपले, म्हणजे सरासरी ०.८ च्या आसपास. दहापट! ऊन एवढं खाऊ शकत नाही. कोणीतरी सतत पीत होतं.

या पर्जन्यमापकात सी-सॉसारखं दोन खणांचं पात्र असतं. एक खण भरला की ते कलतं आणि दुसरा खण वर येतो. ही कल्पना क्रिस्टोफर रेनची, १६६२ च्या सुमाराची (हो, लंडनचं सेंट पॉल बांधणारा तोच). पात्राला चुंबक असतो. कलताना तो मधोमध आला की शेजारचा रीड स्विच क्षणभर जुळतो, आणि सर्किट एक ठोका मोजतं. स्विच जुळलेला असताना ३ व्होल्ट आणि ४.७ किलोओहम या हिशोबाने ०.६४ मिलीअँपिअर वाहतो. क्षणभर असेल तर काहीच नाही. कायम असेल तर?

झाकण काढलं. पात्राखाली कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं आणि पात्र बरोबर मधोमध अडकलं होतं. ०.६४ अधिक ०.०८ म्हणजे ०.७२, यात सेल पावणेचार महिने चालतात. उरलेला फरक उन्हाचा. बाबाही थोडे बरोबरच होते :)

पण मला सेलपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. अडकलेलं पात्र ठोका देत नाही. सेल टिकले असते तर जूनच्या पहिल्या पावसात आमच्या स्क्रीनवर ०.० आलं असतं, आणि ते अगदी खरं वाटलं असतं. वहीचा रिकामा रकाना निदान सांगतो की आज कोणी मोजलं नाही. यंत्राचा शून्य म्हणतो, पाऊसच पडला नाही.

घरच्या गच्चीवर याने काही बिघडत नाही. पण महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं बसली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात, आणि पुढची मदत त्यावर अवलंबून असते. कपाशी पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्याला ६४ आणि ६६ मधला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. अशा केंद्राशेजारी एक साधा सायमन्स ठेवून अधूनमधून आकडे ताडून बघणं, हा जुना उपाय मला अजूनही सगळ्यात स्वस्त वाटतो.

आम्ही तरी गच्चीवर तेच केलंय. नरसाळं, बाटली आणि बाबांची वही. सेन्सरच्या भोकांना बारीक जाळी लावली आहे. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर मृगाच्या आधी एकदा झाकण उघडून बघाच.

असो. पुढच्या शनिवारी कुलाब्याच्या वेधशाळेबद्दल.