जोडला, पण बोलेना

चतुर्थीत माजघरातल्या रास्पबेरी पायवर आरत्या आणि भजनं लावायची, स्पीकर गणपतीवरच्या माटवीजवळ ठेवायचा आणि पायात येणारी तार टाळायची, एवढाच बेत असतो. पडद्यावर जोडणीची खूण उमटते, स्पीकर एकदा टुंग करतो आणि मग गप्प. मालवणात मग एकच तक्रार ऐकू येते, ‘जोडलेलो दिसता, पण आवाज येना नाय.’ दोष स्पीकरला दिला जातो. पण त्या तळहाताएवढ्या संगणकापासून स्पीकरपर्यंत आवाज चार पिढ्यांच्या हातून जातो. त्या वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या माणसांनी घडवल्या. खोट कोणत्या पिढीत आहे हे कळलं, की अर्धी दुरुस्ती झाली.

पहिली पिढी रेडिओची. १९९४ साली स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत मोबाइल आणि त्याच्या जोडयंत्रांमधल्या तारा काढून टाकण्याचं काम सुरू झालं. याप हार्टसन या डच अभियंत्याने त्याचा गाभा रचला. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांनी त्यासाठी संघ काढला. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं नाव तात्पुरतं घेतलं होतं, ते कायम राहिलं.

हा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतो. जागा बदलत राहण्याची युक्ती मात्र जुनी आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ साली टॉर्पेडोसाठी तिचं पेटंट मिळवलं होतं, तेही ८८ वारंवारितांचं, पियानोला जेवढ्या पट्ट्या तेवढ्या. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ साली परवानामुक्त झाला.

या उड्यांमुळे गर्दीतून वाट निघते, भिंतीतून निघत नाही. पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे श्रावण-भाद्रपदात ओल धरलेली चिऱ्याची जाड भिंत मध्ये आली की आवाज तुटू लागतो. शिवाय फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या पाय ३ वर वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमध्ये आहेत आणि अँटेनाही एकच. वायफायवरून गाणं घ्यायचं आणि त्याच वेळी ब्लूटूथवरून पाठवायचं म्हटलं, की दोघांची ओढाताण होते. गाणी मेमरी कार्डावरच ठेवली तर ती थांबते. २०१८ च्या ३ बी प्लसपासून ५ गिगाहर्ट्झचं वायफायही वापरता येतं, म्हणजे दोघांचे पट्टे वेगळे होतात.

दुसरी पिढी ओळखीची. सुरुवातीला ०००० असा आकडा टाकून ओळख पटवत. ब्लूटूथच्या २००७ सालच्या २.१ आवृत्तीने ती कटकट कमी केली. ओळख पटली की दोन्ही यंत्रं एकच गुप्त किल्ली जपून ठेवतात. कार्ड पुसून प्रणाली नव्याने चढवली तर पायकडची किल्ली जाते, स्पीकरकडची राहते आणि जोडणी अडते. अशा वेळी दोन्हीकडची जुनी ओळख पुसून ‘पेअर’, ‘ट्रस्ट’, ‘कनेक्ट’ या क्रमाने पुन्हा सुरुवात करावी. ‘ट्रस्ट’ वगळलं तर पुढच्या वेळी स्पीकर आपणहून जोडला जाईलच असं नाही. आणि घरातल्या कुणाच्या मोबाइलने स्पीकर आधीच धरला नाही ना, हेही पाहावं.

तिसरी पिढी आवाजाच्या प्रतीची. ब्लूटूथवर आधी आलं ते फोनवरचं बोलणं, एकेरी आणि अरुंद. दोन्ही कानांसाठी संगीत पाठवणारी ‘एटूडीपी’ ही पद्धत २००३ साली आली. माइक असलेला स्पीकर चुकून फोनच्या पद्धतीत जोडला गेला, तर भजनातला मृदंग डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. तेव्हा आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘एटूडीपी’ निवडायचं.

चौथी पिढी पाय ज्यावर चालतो त्या लिनक्स प्रणालीची, आणि सर्वात जास्त घोटाळा इथेच. क्वालकॉममध्ये सुरू झालेलं ब्लूझेड हे ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर २००१ साली लिनक्सच्या गाभ्यात आलं. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच्या पाचव्या आवृत्तीने ‘अल्सा’ या ध्वनिव्यवस्थेशी असलेला थेट संबंध तोडला आणि मध्ये एक मध्यस्थ लागू लागला. रास्पबेरी पायच्या प्रणालीने डिसेंबर २०२० मध्ये पल्सऑडिओ हा मध्यस्थ नेमला आणि ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत त्याच्या जागी पाइपवायर आणला. म्हणून २०१६ सालचा उतारा आजच्या कार्डावर चालवला तर बरं होण्याऐवजी बिघडतंच. हे मध्यस्थ ज्याने लॉगिन केलं त्याच्या नावाने चालतात. ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या नावाने, गाणं सुरू केलं तर ते त्यांच्यापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. आणि जोडणी झाली तरी आवाज एचडीएमआयकडेच जात असेल, तर आवाजाच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून स्पीकर निवडावा लागतो.

तपासणी मात्र उलट्या क्रमाने करावी: आधी आवाज कुठे जातोय ते, मग पद्धत, मग ओळख आणि शेवटी भिंत. सोपं ते आधी पाहून होतं. आरतीची वेळ टळायला नको असेल तर एक साधी तार जवळ ठेवावी. पाय ३ आणि पाय ४ ला ती थेट लागते. पाय ५ ला हेडफोनचं भोकच नाही, त्याला यूएसबीचं साउंड कार्ड घ्यावं लागतं.