ऋतु सरल्यावरचें गाणें

कलेच्या इतिहासांत राजाश्रयाची चर्चा पुष्कळ होते. परंतु लोकरुचीनेंच एखाद्या कलाप्रकाराकडे पाठ फिरविली म्हणजे त्याचें काय होतें, याचा विचार फारसा होत नाहीं. स्वीडनमधील गिटारवादक रॉयने स्टोल्ट यांची कारकीर्द या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

त्यांचा जन्म १९५६ सालीं उप्सला या विद्यापीठाच्या गांवीं झाला. तीन-चार मिनिटांच्या गीताची मर्यादा ओलांडून, वीस-वीस मिनिटांच्या आणि विषम मात्रांच्या तालांत खेळणाऱ्या रचना करणारें 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हें संगीत १९७० नंतर इंग्लंडांत भरास आलें होतें. 'येस' आणि 'जेनेसिस' हे वाद्यवृंद त्याचे अग्रणी. वयाची विशी गांठण्यापूर्वींच, १९७४ सालीं, स्टोल्ट हे हान्स लुंडीन यांच्या 'कायपा' या वृंदांत दाखल झाले. या मंडळींनीं इंग्रजांची केवळ नक्कल केली नाहीं. गीतें स्वीडिश भाषेंत रचलीं आणि सुरावटींत आपल्या लोकसंगीताचा गंध राखिला. १९७५, १९७६ व १९७८ सालीं त्यांच्या तबकड्या निघाल्या. दुसऱ्या तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच रचनेनें व्यापिली आहे.

तोंच वारा फिरला. 'पंक' नांवाच्या आडदांड, आटोपशीर संगीतानें तरुणांचीं मनें जिंकलीं आणि दीर्घ रचना ही पोकळ मिजास ठरली. १९७९ सालीं स्टोल्ट कायपांतून बाहेर पडले. पुढील पंधरा वर्षें त्यांनीं निराळ्या धर्तीचें संगीत केलें, इतरांच्या ध्वनिमुद्रणांत साथ केली. परंतु गिटार खालीं ठेविली नाहीं.

१९९४ सालीं 'द फ्लॉवर किंग' हा संग्रह काढून ते पुन्हा त्या जुन्या वाटेवर आले. त्यांतूनच 'द फ्लॉवर किंग्ज' हा वृंद जन्मास आला. या पुनरागमनास यंत्रयुगाचेंही साहाय्य झालें. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटें मावत. नव्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सत्तर मिनिटांहून अधिक वादन सलग राहूं लागलें. दीर्घ रचनेस जणु ऐसपैस अंगण मिळालें. इंग्रज व अमेरिकन वादकांसह स्टोल्ट ज्यांत होते त्या 'ट्रान्सअटलांटिक' वृंदानें तर २००९ सालीं बारा भागांची, सुमारें ७७ मिनिटांची एकच रचना सादर केली. २०१६ सालीं 'येस'चे माजी गायक जॉन अँडरसन यांच्यासमवेत त्यांचा स्वतंत्र संग्रह निघाला. ज्या वृंदाचा ठसा स्टोल्ट यांच्या रचनांवर उघड दिसतो, त्याच्या गायकाशेजारीं आतां ते बरोबरीच्या नात्यानें उभे होते.

त्यांनीं नवें कांहीं निर्मिलें नाहीं, जुनेंच उगाळिलें, असा आक्षेप कोणी घेईल. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु सर्वच कलावंत वाटा पाडण्यासाठीं जन्मास येत नाहींत. पडलेली वाट रानांत बुजूं नये म्हणून तिच्यावरून एकट्यानें चालत राहणारेही लागतात. लोकरुचीचा ऋतु सरला तरी बीं मरत नाहीं. मात्र पुढल्या पावसापर्यंत तें कोणी तरी जपावें लागतें.